पाटलाची लाज

धामणतळ्याचा सांडवा वाहू लागला की त्या पंधरवड्यात एक दिवस ठरवून बांधावर पंगत बसते. या टोकाला धामणाईचा दगड, त्या टोकाला सांडवा आणि मधल्या सगळ्या लांबीवर पत्रावळी. जेवायला बसतात ते सगळे तळेकर. आता तळेकर हे आडनाव काय, जिकडेतिकडे सापडते. जिथे तळे तिथे एखादा तळेकर निघायचाच. पण या बांधावर जे तळेकर जमतात त्यांची तऱ्हाच वेगळी. कुणी कुंभार, कुणी धनगर, कुणी ब्राह्मण, कुणी मराठा, कुणी पूर्वीच्या महारवाड्यातले, आणि दोन घरे तर मुसलमान तळेकरांची. एकमेकांशी ना नाते, ना सोयरिक. गावेही लांबलांबची. इतर ठिकाणच्या तळेकरांचे मूळ धामणतळ्याच्या लोकांना ठाऊक नाही आणि त्यावर त्यांचा दावाही नाही. बांधावर येतात तेवढ्यांपुरती ही गोष्ट आहे.

त्याच बांधाच्या मध्यावर, पाण्याच्या उलट्या अंगाला, हातभर जागा बारमाही ओली असते. तिथून करंगळीएवढी धार गळते आणि खालच्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत पडते. तळ्यावर अधिकारी आले की पहिल्यांदा त्या धारेकडे बोट दाखवतात आणि सिमेंटची पोती मागवतात. मग गावातली म्हातारी माणसे हात जोडून पुढे होतात. तेवढी जागा सोडा साहेब, म्हणतात. त्या जागेला पाटलाची लाज असे नाव आहे.

मागल्या खेपेला मोरेश्वर तळेकर नावाचे एक गृहस्थ पत्नी कुंदाताईंना घेऊन या पंगतीला आले होते. नोकरीतून मोकळे झालेले, स्वभावाने हौशी, आपले मूळ कुठले ते शोधत हिंडणारे. त्यांच्या शेजारच्या पानावर फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मोरेश्वररावांनी आपले नाव सांगितले. म्हातारे म्हणाले, "मीबी तळेकरच." मोरेश्वरराव खूश झाले आणि म्हणाले, "वा वा! कुठले तळेकर तुम्ही?"

वाढणाऱ्याचा पळा आमटीच्या बादलीत तसाच राहिला. म्हाताऱ्यांचा हात पानावर थांबला.

गावच्या पाटील घराण्यातले निवृत्ती आप्पा वाढायला होते. ते रागावले नाहीत. त्यांनी माती वाहायची एक रिकामी पाटी आणली आणि मोरेश्वररावांच्या पाठीशी ठेवली. "जेवा पाव्हणं निवांत," ते म्हणाले. "पाटी कशाची ते मागनं सांगतो." मोरेश्वररावांना काही कळले नाही. पण आपल्याकडून काहीतरी भलतेच झाले एवढे त्यांना समजले आणि पुढचे जेवण त्यांना गोड लागले नाही. पाने आटोपल्यावर आप्पा त्या दोघांना घेऊन बांधाच्या पायरीवर बसले. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी.

फार पूर्वी या गावात हैबती नावाचा पाटील होऊन गेला. तेव्हा तळे नव्हते. दोन टेकड्यांच्या मधून ओढा यायचा आणि पाऊस पडला की दोन दिवसांत सगळे पाणी घेऊन पसार व्हायचा. हैबतीच्या बापाने ओढ्यावर बांध घालायला घेतला होता, तो अर्धा टाकूनच म्हातारा गेला.

हैबतीला माणूस ओळखण्याचा भारी नाद, असे सांगतात. सकाळी पारावर घोंगडी टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक घालायची, "कुठलं पाव्हणं?" गाव कळले की त्याला आडनाव कळे, आडनावावरून कूळ, कुळावरून देवक, आणि मग तो माणूस बसायचा कुठे हे आपोआप ठरे. कुणी घोंगडीवर, कुणी पाराच्या कट्ट्यावर, कुणी कट्ट्याखालच्या पायरीशी, आणि कुणी पलीकडे, ओंजळीत वरून पाणी घेत. हैबतीच्या दारातून उपाशी कुणी गेले नाही, हे खरे. पण आपण कुठे बसायचे हे कळल्याशिवायही कुणी गेले नाही. त्याला यात काही वावगे वाटत नसे. पाहुण्याची विचारपूस करतो, एवढेच त्याच्या मनात.

पुढे दुष्काळ पडला. कोणता, ते विचारू नये. इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तो आपल्याच पणजोबांच्या वेळचा वाटतो. गाव निम्मे ओस पडले आणि टेकडीखालच्या वाटेने माणसांची रांग लागली. कुठून कुठून यायची आणि पुढे कुठेतरी जायची. हैबतीने पाण्याचा डेरा पारावर आणून ठेवला आणि सवयीने प्रत्येकाला विचारू लागला, "कुठलं पाव्हणं?" आणि माणसे पाण्याचा तांब्या खाली ठेवून, उत्तर न देता, चालू लागली. अर्धे पाणी प्यायलेली माणसेसुद्धा.

हैबतीला हे फार लागले. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "माणसं माजली का काय? सरळ इचारलं तर त्वांड फिरवून जात्यात."

त्याच्या बायकोचे नाव साळूबाई. ती कण्या शिजवत होती. ती म्हणाली, "काय सांगतील ती? कुणी म्हातारा बाप वाटंवर बसवून आलंय, कुणी ल्येक उघड्यावर टाकून. गावाचं नाव घेतलं की त्ये समदं डोळ्यांम्होरं येतंय. तुमी नगा की इचारू."

त्या एका बोलण्याने हैबतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, असे आप्पा सांगतात. दुसऱ्या सकाळी त्याने धान्याचे पेव उघडले. मग सगळ्या गावादेखत आणि वाटेवरच्या लोकांदेखत तो धामणाईच्या दगडापुढे उभा राहिला आणि त्याने बेलभंडारा उचलला.

"आई," तो म्हणाला, "ह्या बांधावर जो पाटीभर माती टाकंल त्यो ह्या तळ्याचा. तळ्याचं नाव त्येच त्याचं नाव. त्याला कुठला म्हणून मी इचारणार न्हाई, माझ्या वंशातलं कुणी इचारणार न्हाई. पाणी आलं म्हंजी माझ्या मांडीला मांडी लावून जेवंल. आन् मी इचारलं, तर ह्ये पाणी माझं न्हाई."

हे तो मनापासून बोलला. आप्पा इथे थांबून प्रत्येक पाहुण्याला हे बजावतात. ढोंगी असता तर गोष्ट सोपी होती.

माणसे थांबली. सकाळी पाटी डोक्यावर घ्यायची, दुपारी कण्यांची वाटी प्यायची, संध्याकाळी बांधाच्या आडोशाला पडायचे. कोण कुंभार आणि कोण धनगर हे कामात कळते थोडेफार, पण कुणी बोलून दाखवले नाही. एकमेकांना हाक मारायची झाली तर तळेकर. हैबतीही पाटी वाहायचा. त्यालाही तळेकर. बांध चढत गेला.

त्यात एक म्हातारी होती. राही एवढेच तिचे नाव लोकांना ठाऊक. तिच्या पाटीचा एक कान तुटलेला होता आणि तिथे तिने लुगड्याचा काठ फाडून बांधला होता. बोलणे कमी, काम दांडगे. एकदा भर उन्हात हैबती घेरी येऊन मातीत पडला. माणसे धावून येईपर्यंत ही म्हातारी त्याच्याजवळ बसली होती. तिने आपली पाटी त्याच्या तोंडावर सावलीसाठी धरली होती आणि आपल्या वाट्याचे पाणी त्याला पाजले होते. त्याने डोळे उघडले तेव्हा ती म्हणाली, "तळेकर, उठा. माती वाळायली." पाटील म्हणाली नाही. हैबतीला त्या हाकेचे फार सुख झाले. त्याने घरी जाऊन साळूबाईलाही सांगितले.

बांध पुरा झाला तो राहीच्या हाताने. मधले शेवटचे खिंडार बुजवताना, तिची पाटी सगळ्यांत शेवटी पडली. लोकांनीच तिला पुढे केले होते. पुढे पाऊस झाला, दोन टेकड्यांच्या मध्ये पाणी उभे राहिले, पाहता पाहता सांडव्याला लागले. परागंदा झालेली घरे परत आली. विहिरींना पाझर फुटले. गुरांच्या अंगावर मांस दिसू लागले.

हैबतीने बोलल्याप्रमाणे बांधावर पंगत मांडली. एकच पंगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या डाव्या हाताचे पान त्याने राहीला दिले. शेवटची पाटी तिची, तेव्हा मान तिचा. इथपर्यंत सगळे चांगले चालले होते.

उजव्या हाताच्या पानावर मात्र जानोजी देशमुख बसला होता. मोठ्या गावचा, मोठ्या घरचा. हैबतीच्या मुलीला, मैनाला, त्याच्या मुलासाठी मागणी आली होती आणि तळे भरल्याचे ऐकून तो मुद्दाम घर बघायला आला होता. त्याने पंगतीवरून एकदा नजर फिरवली.

"पाटील, शेजारी कोण म्हणायच्या?"

"आमच्या तळेकर," हैबती म्हणाला.

"आन् त्यांच्या पलीकडलं?"

"त्येबी तळेकर."

"आन् त्यो त्या टोकाचा, टोपीवाला?"

"त्योबी."

जानोजी हसला. वाईट हसला असेही नाही. "गोतावळा दांडगा की वो तुमचा," एवढेच म्हणाला आणि द्रोणातल्या आमटीत बोट बुडवून मीठ बघू लागला.

हैबतीचे कान तापले. मागणी मोडेल की काय ही एक धास्ती, आणि दुसरे, जानोजीच्या नजरेने त्याला आपलीच पंगत दिसली. फाटकी लुगडी, भेगाळलेले हात, कुणाचा मेळ कुणाला नाही. आणि मघापर्यंत ज्या पंगतीचा त्याला अभिमान होता तिची त्याला लाज वाटली. त्याला वाटले, निदान ही शेजारची म्हातारी एखाद्या बऱ्या गावाचे नाव घेईल, बऱ्या घरची निघेल आणि व्याह्यापुढे आपली मान राहील. तो तिच्याकडे वळला आणि अगदी मायेच्या आवाजात, पारावरच्या जुन्या सवयीने बोलून गेला.

"आई, तुमी कुठल्या म्हणायच्या?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली म्हणे. पण गेलेला शब्द गेला.

राहीच्या हातात पहिला घास होता. तो तिने पानावर परत ठेवला. म्हणाली, "जितली व्हते तितं आता कुणी न्हाई. हितली झाले व्हते."

एवढे बोलून ती उठली. शाप नाही, रडणे नाही, मोठा आवाज नाही. शिव्याशाप दिले असते तर बरे झाले असते, असे हैबती म्हातारपणी म्हणायचा. तिने आपली तुटक्या कानाची पाटी घेतली. बांधाच्या मध्यावर, जिथे आपली शेवटची पाटी टाकली होती तिथे ती गेली, हातांनी उकरून तेवढीच माती पाटीत भरली, डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या अंगाने उतरून वाटेला लागली.

मग एक कुंभार उठला. मग त्याची बायको. मग टोपीवाला आणि त्याच्या शेजारचा. पाने तशीच टाकून माणसे उठत गेली आणि ज्याच्या त्याच्या वाटेने निघाली. माती कुणी नेली नाही. जानोजी देशमुखाने हात धुतले आणि घोडे मागवले. "आमी काय वंगाळ बोललो न्हाई बुवा," तो म्हणाला. ते खरेच होते.

हैबती पानावर बसून राहिला. त्याच क्षणी उठून तिच्या मागे धावला असता तर ही गोष्ट इथेच संपती. पण तो बसून राहिला. मनाला सांगत राहिला की म्हातारी आहे, रुसली आहे, येईल परत. साळूबाईने समोरची पाने उचलली तरी त्याने तोंड वर केले नाही.

दुसऱ्या दिवशी बांधाच्या मध्यावर ओल दिसली. तिसऱ्या प्रहरी धार लागली. राहीने माती काढली होती त्याच जागी. गावाने धावपळ करून जागा भरली, तर माती कालवलेल्या पिठासारखी घसरून आली. काळी माती घातली, मुरूम घातला, दगड ठोकले, धुम्मस चालवली. काही टिकेना. बांध फुटला नाही, पण तळे थांबेना. रोज काठाची ओली रेघ थोडी थोडी खाली सरकू लागली. परत आलेली माणसे त्या रेघेकडे बघायची आणि मग पाटलाच्या वाड्याकडे बघायची. हैबतीने पारावर बसणे सोडले.

शेवटी साळूबाईच म्हणाली, "त्या जागंला दुसरी माती चालायची न्हाई. तीच पायजे. जावा तिच्याकडं."

"जाऊन काय म्हणू?"

"काय म्हणू नगा. म्हणून झालंय तुमचं."

हैबतीने एक पाटी घेतली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि एकटाच निघाला. पागोटे घरी ठेवले.

पहिल्याच गावात पारावरून हाक आली, "कुठलं पाव्हणं?" हैबतीने धामणतळ्याचा पाटील म्हणून सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात पारावरचा दुसरा माणूस तिसऱ्याला सांगत होता, "त्या धामणतळ्याच्या पाटलाचं ऐकलं का? म्हातारीला भरल्या पानावरनं उठवलं म्हणं." बातमी त्याच्या आधी पोचली होती. हैबतीने तोंड मिटले. परत विचारले तेव्हा तो म्हणाला, "तळेकर."

"कुठलं तळेकर?"

गाव सांगावे तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि न सांगावे तर बसायला जागा नाही. पारावरच्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली आणि हाताने पलीकडे दाखवले. हैबती पलीकडे जाऊन उकिडवा बसला आणि ओंजळीत वरून पाणी प्यायला. ती जागा त्याला ओळखीची होती. स्वतः त्याने कितीजणांना तिथे बसवले होते. आज त्याला कळले की तिथून पार फार उंच दिसतो.

असे गावोगाव झाले. कुठे पायरीशी बसवले, कुठे तेवढेही नाही. म्हातारीचा माग मात्र लागत होता. तुटक्या कानाची, मातीची पाटी घेतलेली बाई, एवढे सांगितले की लोक वाट दाखवत. कशासाठी शोधतोस म्हणून विचारले की तो मान खाली घाली.

आणि वाटेत त्याला तळेकर भेटत गेले. एका गावात आव्याजवळ माती तुडवणारा कुंभार त्याला पाहून थांबला. दोघांनी एकमेकांना ओळखले. कुंभाराच्या बायकोने चुलीवरची भाकरी काढून हैबतीच्या हातावर ठेवली, वर मिरची ठेवली. इकडे कुठे, का, कशाला, काही विचारले नाही. पारावरच्या दहा अपमानांनी जे झाले नव्हते ते त्या भाकरीने झाले. ती न खाताच त्याने पंच्यात बांधली. शेजाऱ्याने कुंभाराला हाक मारली ती "तळेकर" म्हणूनच. दुसऱ्या गावात टोपीवाला भेटला. तो आडाचा गाळ काढत होता आणि त्यालाही लोक तळेकरच म्हणत होते. आपण ज्यांना पानावरून उठवले त्यांनी नाव टाकले नव्हते. ते नाव जपत होते, आणि ज्याने दिले तो लपवत फिरत होता. रस्त्याच्या कडेला बसून हैबती त्या दिवशी रडला.

बरीच मजल केल्यावर त्याला राही सापडली. एका उजाड वाडीत, ओघळावर चारसहा माणसे छोटासा बांध घालत होती आणि त्यांत ती होती. हैबती समोर जाऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि मातीच्या ढिगाकडे बोट केले. त्याने पाटी भरली.

सगळी थंडी त्याने तिथे माती वाहिली. वाडीतल्या कुणी त्याला कुठला म्हणून विचारले नाही, आणि राहीने तर नाहीच. सगळ्यांबरोबर त्याला कालवण-भाकरी मिळे, सगळ्यांबरोबर पाणी मिळे. इकडे तळ्याची रेघ रोज खाली जात असेल हे त्याला दिसत होते, पण माती मागायला तोंड उघडत नव्हते. कोणत्या तोंडाने मागायची? शेवटी वाडीचा बांध पुरा झाला त्या दुपारी त्याला राहवेना. तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, मी धामणतळ्याचा—"

तिने त्याला पुढे बोलू दिले नाही. म्हणाली, "मी इचारलं का तुला, कुठला म्हणून?"

हैबती मेल्याहून मेल्यासारखा झाला.

राही उठून खोपटात गेली. बांधावरून आणलेल्या मातीची तिने चूल घातली होती. तिने लोखंडी पळ्याने ती चूल स्वतः फोडली, भाजून लाल झालेली माती गोळा केली आणि हैबतीच्या पाटीत भरली. मूठभर माती तिने मागे ठेवली.

"समदी चूल मोडवत न्हाई रं," ती म्हणाली. "तेवढी जागा गळू दे. ध्यानात ऱ्हाईल."

"आई, तुमीबी चला," तो म्हणाला.

"मी आता हितली," ती म्हणाली, आणि पाटी उचलायला तिने त्याला हात लावला.

ती पाटी हैबतीने वाटेत कुठे खाली ठेवली नाही, असे सांगतात. खरे की खोटे देव जाणे, पण परतीच्या वाटेवर ज्या पारावरून "कुठलं?" अशी हाक आली तिथे त्याने उभ्यानेच मोठ्याने सांगितले, "धामणतळ्याचा हैबती. म्हातारीला पानावरनं उठवलं त्योच मी." प्रत्येक पारावर सांगितले. कुणी हसले, कुणी थुंकले, कुणी उठून पाणी दिले.

तो पोचला तेव्हा तळ्यात डबक्याएवढे पाणी उरले होते आणि काही घरे पुन्हा सामानाची बांधाबांध करत होती. त्याने ती लाल माती बांधाच्या मध्यावर घातली आणि पायाने दाबली. धार थांबली. करंगळीएवढी तेवढी राहिली.

पुढल्या पावसात तळे पुन्हा भरले. हैबतीने गावोगावच्या तळेकरांना बोलावणे पाठवले. येतील असे त्याला वाटले नव्हते, पण माणसे आली. पंगत बसली. हैबती मात्र बसला नाही. त्याने वाढले, आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर पाटी घेऊन एका टोकापासून सगळ्यांच्या उष्ट्या पत्रावळी उचलल्या. पाटलाने उष्टी काढली म्हणून भावकी चिडली, मैनाचे लग्न आणखी वर्षभर लांबले. त्याने ऐकले नाही. पाटीलकी भावाला देऊन तो तळेकर झाला आणि तळेकर म्हणूनच गेला. राहीसाठी दरवर्षी एक पान मांडून ठेवायचे. ती कधी आली नाही असे म्हणतात. आलीही असेल. कुणी कुणाला विचारायचेच नाही, तर कळणार कसे?

आप्पांनी इथे गोष्ट संपवली आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मोरेश्वरराव खाली बघत होते. कुंदाताईंनी हळूच विचारले, "मग ती पाटी?"

"पत्रावळी आमच्या घरचं उचलत्यात, हैबतीपासनं," आप्पा म्हणाले. "पण पंगतीत ज्याच्या तोंडनं त्यो सवाल निघतो, त्यानं त्या दिवशी आमच्या संगं उचलायच्या. शिक्षा न्हवं पाव्हणं. आमची लाज लई जड हाय, कुणी हात लावला तर तेवढीच हलकी हुती."

मोरेश्वरराव उठले. त्यांनी बाह्या सरसावल्या, पाटी घेतली आणि आपल्या जागेपासून सुरुवात केली. शेजारच्या पत्रावळीशी येऊन ते थांबले. भात अर्धा होता, आमटी तशीच होती आणि कडेला एक कालवलेला घास परत ठेवलेला होता. म्हातारे त्या प्रश्नानंतर जेवलेच नव्हते, आणि आपण त्यांच्या शेजारी बसून जेवत राहिलो हे मोरेश्वररावांना आत्ता कळले. त्यांना ती पत्रावळ बराच वेळ उचलवेना. मग दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ती पाटीत ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेले.

सगळी पंगत उचलून ते बांधाखाली आले तेव्हा फेटेवाले म्हातारे डोणीशी बैलाला पाणी दाखवत उभे होते. मोरेश्वरराव खरकट्या हातांनी त्यांच्यासमोर उभे राहिले.

म्हाताऱ्यांनी बैलाला थोडे बाजूला घेतले. "तळेकर," ते म्हणाले, "या, हात धुवा."

आजही धामणतळ्याचा बांध मध्यावर गळतो. त्या धारेवर वाटेवरची गुरे पाणी पितात, पंगतीला आलेली माणसे हात धुतात आणि तिथे उभा असलेला माणूस कुठला, हे कुणी विचारत नाही.